यादीत नाव नाही : किशोरी कबड्डीतल्या एका निवडीनंतरचे महिने

यादी रात्री पावणेदहाला व्हॉट्सॲपवर आली. बारा नावं, खाली शिबिराला निघायची तारीख आणि सोबत काय काय आणायचं त्याच्या सूचना. अर्ध्या तासात ज्यांची नावं नव्हती त्या सगळ्या मुलींना ग्रुपमधून काढण्यात आलं. कुणाला फोन नाही, कुणाशी बोलणं नाही. जिल्ह्याच्या किशोरी कबड्डी संघात आपण नाही हे त्या मुलीला असं कळलं.

मी तिच्या शाळेत मराठी शिकवते. मुलींचा संघ बाहेरगावी खेळायला जातो तेव्हा सोबत एक शिक्षिका लागते, ती बहुतेक वेळा मी असते. त्यामुळे हे प्रकरण जवळून पाहता आलं. लिहायचं कारण इतकंच, की हरल्यावर कसं वागायचं हे आपण मुलांना शिकवतो, पण खेळायलाच घेतलं नाही तर काय करायचं याबद्दल घरात कुणी बोलत नाही आणि शाळेतही नाही. मुलीचं नाव किंवा वाडीचं नाव देत नाही. तिला आणि तिच्या आईला हे सगळं वाचून दाखवलं आहे. काही ठिकाणी तिनं दुरुस्त्या सांगितल्या, त्या केल्या आहेत.

मुलगी, घर, खेळ

दापोली तालुक्यात हर्णै बंदराच्या आसपास ज्या वाड्या आहेत त्यांतल्या एकीतली ही मुलगी. तेव्हा नववीत होती. वडील ट्रॉलरवर खलाशी, बोट बाहेर पडली की काही दिवस घरी नसतात. आई बंदरावरच्या लिलावातून मासळी घेऊन बाजारात विकते. घरात आजी आणि धाकटा भाऊ. काका मुंबईत. ते तरुणपणी तिथल्या एका मंडळाकडून खेळलेले, त्यामुळे कबड्डीच्या बाबतीत घरात शब्द त्यांचा.

आमच्याकडे कबड्डी कुणी मुद्दाम शिकवत नाही. पाऊस सरला की मंडळाचं मैदान चोपून काढतात, चुन्याच्या रेषा मारतात, आणि वाडीतली पोरं रात्री दिव्याखाली मोठ्यांचे सामने बघत वाढतात. ही मुलगी राइट कॉर्नर, म्हणजे बचावाच्या रांगेत उजव्या टोकाला खेळते. तिची घोटा पकड बघण्यासारखी आहे. चढाईवाली बोनससाठी पाय पुढे टाकते तेव्हा बाकीच्या पोरी तिच्या हातांकडे बघत असतात, ही मात्र नजर खाली ठेवून तिच्या मागच्या पायाकडे बघते. त्या पायावर भार आला की ही गुडघ्यात वाकलेलीच असते, तशीच पुढे सरकते आणि दोन्ही हातांनी घोटा छातीशी ओढून घेते. मातीवर हे तिला झोपेतही जमेल.

किशोरी गटाला दोन मर्यादा असतात : वय 16 वर्षांच्या आत आणि वजन 55 किलोच्या आत. संघात 12 जणी, त्यांतल्या 7 मैदानात. ही तेव्हा चौदा वर्षं पुरी करून चार महिने झालेली, वजन 43 किलो. शिबिरातल्या बऱ्याच मुली पंधरा ओलांडलेल्या आणि पन्नाशीच्या पुढच्या वजनाच्या होत्या. चौदा आणि पंधरा-सोळा यांतलं अंतर कागदावर किरकोळ वाटतं, पण पकडीत सात-आठ किलोचा फरक सगळा खांद्यावर येतो. जगात सगळीकडे वयोगटाच्या खेळात हे होतं. कॅनडात 1980च्या दशकात आइस हॉकीच्या अभ्यासकांच्या लक्षात आलं, की वयाची गणना 1 जानेवारीपासून होत असल्यामुळे चांगल्या कनिष्ठ संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुलंच जास्त भरलेली आहेत. निवडणाऱ्यांना ती जास्त हुशार वाटत होती. खरं तर ती काही महिन्यांनी मोठी होती.

हे मी त्या मुलीला पहिल्या दिवशी सांगितलं नाही. सांगूनही उपयोग नव्हता. पण तिच्या आईला सांगितलं, कारण आईला वाटत होतं की पोरीत काहीतरी खोट आहे.

एकात तीन

संघातून वगळलं जाणं हे लांबून एकच दुःख दिसतं. या मुलीच्या बाबतीत त्यात तीन वेगवेगळी दुःखं होती, आणि मोठ्यांनी जे काही केलं ते यांतलं कुठलं समोर आहे ते न बघता केलं, म्हणून सुरुवातीचे दिवस वाया गेले.

एक, खेळायला मिळणार नाही. हे सगळ्यांना दिसतं.

दोन, मैत्रिणी जाणार आणि आपण मागे राहणार. त्याच वाडीतल्या दोघी निवडल्या गेल्या होत्या. तिघी पाचवीपासून एकत्र शाळेत येतात, एकत्र सराव करतात, एकीचा बूट फाटला तर दुसरीचा घालून खेळतात. आता दोघींना ट्रॅकसूट मिळणार, दोघी एसटीनं शिबिराला जाणार, तिथल्या खोलीत रात्री गप्पा मारणार, आणि परत आल्यावर त्यांच्याकडे हिला माहीत नसलेल्या दहा गोष्टी असणार. मला विचाराल तर चौदाव्या वर्षी हेच सगळ्यात जास्त लागतं. याबद्दल मूल स्वतःहून बोलत नाही, कारण बोललं तर मत्सरी ठरेल असं त्याला वाटतं.

तीन, घरच्यांचा हिशेब. वडिलांच्या डोक्यात पोलीस भरती होती. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, आणि कोकणातल्या कबड्डी खेळणाऱ्या घरांत हे सगळ्यांना पाठ असतं. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात तेही. किशोरी गटाच्या जिल्हा संघात नुसतं नाव आलं म्हणून नोकरी मिळत नाही, त्यासाठी पुष्कळ वरच्या पातळीवरची कामगिरी लागते. पण घरात त्या यादीकडे पहिली पायरी म्हणून बघितलं जात होतं. हे दुःख मुळात मोठ्यांचं. वाहायला मात्र मुलीला लागलं. ‘बाबा बोटीवरून आले की त्यांना काय सांगू’ हे तिचं पहिलं वाक्य होतं, असं आजीनं मला सांगितलं.

पहिले दोन दिवस

त्या रात्री आई बाजारातून उशिरा आली. लेकीला समजावताना ती तिच्या धंद्यातलं बोलली : ‘आज लिलावात दर पडला म्हणून सुरमई वाईट होते काय गो?’ मुलगी फाटकन म्हणाली, ‘मी काय सुरमई आहे?’ आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं.

आईनं त्यावर काही उत्तर दिलं नाही. तिनं भात वाढला आणि ताट शेजारी ठेवलं. स्वतः तिथंच भिंतीला टेकून बसून राहिली. बऱ्याच वेळानं मुलीनं उठून खाल्लं. त्या रात्रीची सगळ्यात योग्य गोष्ट कोणती झाली असेल तर ही. पहिल्या रात्री समजावणीची गरज नसते. जेवण, झोप आणि कुणीतरी जवळ असणं एवढं झालं तरी पुष्कळ.

काकांचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. त्यांनी घरच्या ग्रुपवर लांबलचक व्हॉइस मेसेज टाकला होता : वशिला लागतो, अमक्यातमक्याची पोरगी घेतली, आपली गरीब म्हणून ठेवली. काकांचा जीव पुतणीवर आहे, बोलले ते मायेनंच. पण त्याचा परिणाम काय झाला बघा. निवडल्या गेलेल्या दोघींपैकी एकीची आई त्या ग्रुपवरच्या एका बाईची भावजय. दुपारपर्यंत वाडीत बोलाचाली झाली. म्हणजे मुलीचं दुसरं दुःख, मैत्रिणी दुरावण्याचं, मोठ्यांनी स्वतःच्या हातानं वाढवून ठेवलं.

निवडीत कधीच गडबड होत नाही असं मी म्हणणार नाही. होते. आणि शंका असेल तर पालकांनी विचारायलाच हवं : निवडीचे निकष काय होते, वयाचे दाखले तपासले का, चाचणी किती जणांनी बघितली. पण ते काम मोठ्यांनी मोठ्यांशी करायचं, लेखी, शांतपणे, आणि मुलाला त्यातला दूत न बनवता. शिवाय लगेच त्याच दिवशी नाही. इथं तर कुणाकडे कसला पुरावाही नव्हता. ‘वशिला’ हा शब्द मुलाच्या कानावर पडला की त्याच्या हातात काही उरत नाही. सगळं आधीच ठरलेलं असेल तर उद्या मैदानावर जायचं कशाला?

ती दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, पण सरावाला थांबली नाही. आमच्या क्रीडाशिक्षकांनी तिला हाक मारून थांबवलं नाही, आणि ते बरं केलं. त्यांनी फक्त मला सांगितलं, ‘मॅडम, तिला म्हणावं, सोमवारी सामना लावायचाय, राइट कॉर्नर रिकामा आहे.’ वाक्यात उपदेश नव्हता, सहानुभूतीचा सूरही नव्हता. जागा रिकामी आहे आणि ती तुझी आहे, एवढाच निरोप. सोमवारी ती आली.

विचारायचं काय

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं, म्हणजे सर, मी आणि ती, शाळेच्या पायरीवर बसलो. तिला निवड समितीतल्या प्रशिक्षकांना फोन करायचा होता. आईनं मला सांगितलं होतं, ‘मॅडम, तुम्हीच विचारा ना, तुमचं ऐकतील.’ मी नाही म्हटलं. मुलीच्या वतीनं मोठ्यानं फोन केला की समोरचा माणूस सावध होतो, गुळमुळीत उत्तर देतो : ‘चांगली आहे मुलगी, पुढच्या वर्षी बघू.’ खेळाडूनं स्वतः विचारलं तर बहुतेक प्रशिक्षक खरं सांगतात.

तिचा पहिला प्रश्न होता, ‘मला का नाही घेतलं?’ सर म्हणाले, हे विचारलंस तर ते स्वतःची बाजू मांडत बसतील. मग तिनंच बदलून असा केला : ‘सर, पुढच्या वर्षी मला यायचंय. माझ्या खेळात काय कमी पडलं ते सांगाल का? मी लिहून घेते.’ ‘लिहून घेते’ हे तिचं स्वतःचं. वहीचं पान पुढ्यात ठेवून तिनं फोन लावला.

प्रशिक्षक सात-आठ मिनिटं बोलले. पहिलं म्हणजे, घोटा पकड उत्तम, पण ही एकटी घुसते. शेजारच्या कव्हरची, म्हणजे कॉर्नरच्या आतल्या बाजूला उभ्या असलेल्या बचावपटूची साखळी जुळायच्या आत पाय धरते, आणि चढाईवाली जड असली तर ती हिला ओढत मध्यरेषेपर्यंत नेते. दुसरं, मॅटवर पाय सरकतात. चाचणी मॅटवर होती आणि ही तळ गुळगुळीत झालेले बूट घालून आली होती. तिसरं, दुसऱ्या सत्रात हिचे पाय जड होतात. किशोरी गटात 15 मिनिटांची दोन सत्रं असतात, आणि दुसऱ्याच्या अर्ध्यातच ही कंबरेवर हात ठेवून उभी दिसली. आणि शेवटी त्यांनी हेही सांगितलं, की यंदा त्यांच्याकडे राइट कॉर्नरला तीन चांगल्या मुली होत्या आणि त्यांना दोघीच हव्या होत्या. तिसरीला त्यांनी घेतलं असतं तर एक चढाईवाली कमी झाली असती.

फोन ठेवल्यावर तिनं पानावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे साखळी, बूट, दम. उजवीकडे तीन कॉर्नर, दोन जागा. उजव्या बाजूचं तिच्या हातात काही नव्हतं आणि पुढच्या वर्षीही नसेल. पण ते ऐकून तिचा चेहरा सैल झाला. मला वाटतं, ‘तू वाईट आहेस’ आणि ‘माझ्याकडे जागा दोनच होत्या’ यांतला फरक तिला पहिल्यांदा त्या पानावर दिसला.

प्रशिक्षकांचं इथं कौतुक करायला हवं. यादीच्या रात्री त्यांनी हे केलं असतं तर अजून चांगलं, पण विचारल्यावर त्यांनी एका चौदा वर्षांच्या मुलीला मोठ्या खेळाडूसारखं उत्तर दिलं.

‘दम कमी’ म्हणजे काय

साखळीचं काम मैदानावर झालं. बुटांसाठी आईनं पैसे काढले, तो भाग सोपा होता. दमाचं मात्र सगळे चुकीच्या दिशेनं घेऊन चालले होते. काकांनी मुंबईहून प्रोटीन पावडरचा डबा पाठवला. आजीनं तूप वाढवलं. सरांनी धावायला सांगितलं, ती रोज पहाटे पुळणीवरून धावू लागली आणि महिनाभरानंतर पहिल्यापेक्षा जास्त थकू लागली.

वर्गात बसलेली असताना तिचे ओठ आणि डोळ्यांच्या आतली कड मला फिकट दिसली. मी आईला म्हटलं, प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन 10.4 निघालं. या वयाच्या मुलीत ते किमान 12 हवं. म्हणजे ज्याला आम्ही सगळे ‘स्टॅमिना नाही’, ‘मेहनत कमी’ म्हणत होतो तो अ‍ॅनिमिया होता. स्नायूंना प्राणवायू पोचवणारं रक्तच कमी असेल तर मुलीनं पळून पळून काय होणार?

शाळेत किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला एक लोहाची निळी गोळी द्यायची सरकारी योजना आहे. गोळी मिळत होती, पण पोटात मळमळतं म्हणून पोरी ती दप्तरात टाकून नेत होत्या. हिनंही तेच केलेलं. डॉक्टरांनी उपचाराच्या डोसाच्या गोळ्या वेगळ्या लिहून दिल्या, जंताची गोळी दिली, आणि जेवणाच्या मागेपुढे चहा घ्यायचा नाही हे बजावून सांगितलं, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. जेवताना लिंबू किंवा आवळा असला तर उलट मदत होते. नाचणीची भाकरी, डाळ, अंडं, घरात येणारी मासळी, हे तर होतंच. पावडरचा डबा काकांना परत गेला. तीन महिन्यांनी तपासणीत आकडा 11.8 वर आला होता. दुसऱ्या सत्रात ती आता कंबरेवर हात ठेवून उभी राहत नाही.

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहिला, कारण मुली संघातून वगळल्या जातात तेव्हा ‘दम नाही’ हे कारण फार वेळा ऐकू येतं. आपल्याकडे किशोरवयीन मुलींत अ‍ॅनिमिया इतका आहे, की दम कमी वाटला तर जिद्दीवर भाषण द्यायच्या आधी रक्त तपासायला हवं. वजनाचंही तसंच. 55 किलोच्या गटात 43 किलोची मुलगी आहे म्हणून तिला कोंबून खायला घालणं, किंवा काठावरच्या मुलीनं चाचणीच्या आदल्या दिवशी पाणी सोडणं, दोन्ही वाढत्या शरीराला घातक आहे. बहुतेक मुलींची उंची वाढायचा सगळ्यात मोठा वेग बाराच्या आसपास येऊन जातो, पण ताकद पुढेही कितीतरी वर्षं वाढत राहते. चौदाव्या वर्षी ज्या मुलीला ओढत मध्यरेषेवर नेलं ती सोळाव्या वर्षी तशीच जाईल असं नाही.

मैत्रिणी

ज्या दिवशी दोघी शिबिराला निघाल्या, त्या दिवशी ही एसटी स्टँडवर गेली नाही. एकीनं मेसेज केला, ‘तू रागावलीस काय?’ हिनं तासभरानं उत्तर दिलं, ‘रागावले नाही. आत्ता बोलायचं नाहीये. तू चांगली खेळ.’

मला हे उत्तर फार शहाणपणाचं वाटतं. ‘मला खूप आनंद झाला’ असं खोटं लिहिलं नाही, तोडूनही टाकलं नाही. घरात मात्र तिला सांगितलं जात होतं, ‘जा, अभिनंदन करून ये, मन मोठं ठेव.’ मोठं मन दोन दिवसांत होत नाही, आणि मुलाकडून ते करवून घेतलं की मूल फक्त अभिनय शिकतं. तिनं स्पर्धा चालू असताना फोन आजीकडे देऊन ठेवला, कारण ट्रॅकसूटमधले फोटो बघवत नव्हते. हेही कुणी सांगितलेलं नाही, तिचं तीच.

दोघी परत आल्या. त्यांतली एक संपूर्ण स्पर्धेत बाकावर होती, शेवटच्या सामन्यात निकाल लागून गेल्यावर काही मिनिटं आत गेली. ती हिच्याकडे येऊन रडली. निवड झालेल्या मुलीलाही सांगायला कुणीतरी लागतं, आणि घरी तिला ते सांगता येईना, कारण घरी पेढे वाटून झाले होते. तेव्हापासून तिघी पुन्हा एकत्र येतात-जातात. वाडीतल्या दोन बायका अजून बोलत नाहीत.

मायकेल जॉर्डनची गोष्ट

या काळात तिला निदान चार जणांनी अमेरिकन बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनची गोष्ट सांगितली : त्यालाही शाळेच्या संघातून काढलं होतं, आणि बघ, केवढा झाला. तिनं हे नावच ऐकलं नव्हतं. मग कुणीतरी सचिन तेंडुलकरची सांगितली. या गोष्टी आपण अर्ध्याच सांगतो, म्हणून इथं पूर्ण सांगते.

1978मध्ये अमेरिकेतल्या विल्मिंग्टन गावातल्या लेनी हायस्कूलमध्ये जॉर्डन शिकत होता. शाळेच्या मुख्य बास्केटबॉल संघात त्याची जागा झाली नाही. त्याच्या वर्गातला लीरॉय स्मिथ मात्र घेतला गेला, कारण तो 6 फूट 7 इंच उंच होता आणि संघाला उंच मुलगा हवा होता. जॉर्डन तेव्हा 5 फूट 10 इंच. पण त्याला घरी पाठवलं नव्हतं. त्याला शाळेच्या कनिष्ठ संघात टाकलं, तिथं तो पूर्ण मोसम खेळला, भरपूर खेळला. मुख्य संघात गेला असता तर बराचसा वेळ बाकावर गेला असता. तेंडुलकरचंही तसंच. 1987मध्ये तो वेगवान गोलंदाज व्हायला चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये गेला, आणि तिथले प्रशिक्षक डेनिस लिली यांनी त्याला फलंदाजीवर लक्ष द्यायला सांगितलं. वगळला गेला खरा, पण खेळायचं थांबला नाही.

दोन्ही गोष्टींत आपण जिद्द तेवढी सांगतो. खेळायला मिळत राहिलं हा भाग गाळतो. वगळल्या गेलेल्या मुलाच्या दृष्टीनं कामाचा भाग तोच आहे. आमच्या सरांनी तिच्यासाठी हेच केलं. वाडीच्या मंडळाशी बोलून हिवाळ्यातल्या रात्रीच्या स्पर्धांत तिला मुलींच्या संघात पहिल्या सात जणींत उभं केलं, राखीव नाही. शिमग्याच्या आधी ती इतके सामने खेळली, की जिल्हा संघात बाराव्या क्रमांकावर असती तर त्याच्या निम्मेही मिळाले नसते. शिवाय कबड्डी संघटनेची निवड हा एकच रस्ता नाही हेही तिला कळलं. शालेय स्पर्धा वेगळ्या असतात : तालुका, जिल्हा, मग कोल्हापूर विभाग, मग राज्य. तिथं शाळेचा संघ जिंकत गेला तर तोच संघ पुढे जातो.

सामना नसेल त्या रात्री ती गुणपत्रक लिहायला बसायची. चढाई कुणाची, गुण कुणाला, बाद कोण, लोण (समोरचा सगळा संघ बाद) कधी, सगळं ओळीनं. तिथं बसून तिच्या एक गोष्ट ध्यानात आली, ती तिनं मला नंतर सांगितली : दोन चढाया रिकाम्या गेल्यावरची तिसरी चढाई असली, म्हणजे गुण घेतला नाही तर चढाईवाली बाद, तेव्हा बहुतेक जणी आपल्या सवयीच्या बाजूलाच जातात. ‘आता मला आधीच कळतं, मॅडम.’

वडील

वडील बोटीवरून आले तेव्हा यादीला आठवडा होऊन गेला होता. त्यांना बंदरावरच कळलं होतं. घरी आल्यावर त्यांनी तो विषय काढला नाही, मुलीनंही नाही. हे मौन बरेच दिवस टिकलं, आणि मला त्याची काळजी वाटत होती. शेवटी आईनंच त्यांना सांगितलं की पोरगी तुम्हाला घाबरून आहे. मग ते एका रात्री मंडळाच्या मैदानावर तिचा सामना बघायला गेले. पोलीस भरतीबद्दल घरात आता बोलत नाहीत असं नाही, पण निवडीच्या यादीशी तो विषय जोडत नाहीत. एवढं झालं. त्यांच्याकडून याहून जास्त अपेक्षा करणं मला बरोबर वाटत नाही. ज्या घराचं पोट समुद्रावर आहे त्या घरानं पोरीच्या पक्क्या नोकरीचा विचार करणं यात चूक काय?

एक गोष्ट इथं सांगायला हवी. ही मुलगी दोन दिवसांनी जेवू-झोपू लागली, आठवड्यानं मैदानावर आली. सगळ्या मुलांचं असं होत नाही. दोन आठवडे उलटून गेले तरी मूल खात नाही, झोपत नाही, कुणाशीच बोलत नाही, शाळा टाळतं, किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलतं, तर तो खेळाचा प्रश्न राहिलेला नाही. डॉक्टरांकडे न्या. 14416 हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत फोन आहे, तिथं मराठीत बोलता येतं.

आता

वर्ष झालं नाही अजून. ती दहावीत आहे, वजन 47 किलो. पुढची जिल्हा निवड पावसाळ्यानंतर होईल, ती जाणार आहे, मॅटचे बूट घालून. होईल का माहीत नाही. तीन कॉर्नर आणि दोन जागा पुन्हाही असू शकतात. साखळीसाठी थांबायची सवय लागली आहे, पण घाईच्या सामन्यात अजूनही एकटी घुसते. सर ओरडतात.

या प्रकरणानं शाळेत एक बदल केला. आम्हालाही दरवर्षी पंचवीस-तीस मुलींतून बारा निवडाव्या लागतात, म्हणजे वगळायचं काम आम्हीही करतो. यंदा जुलैमध्ये सरांनी यादी फळ्यावर लावायच्या आधी न निवडलेल्या प्रत्येक मुलीला वेगळं बोलावलं. तिला तिचं एक चांगलं सांगितलं, एक कमी सांगितलं, आणि सरावाला येत राहायचं असेल तर जागा आहे हे सांगितलं. प्रत्येकीला पाच मिनिटं, दारात मी. मग यादी लागली, आणि ग्रुपमधून कुणाला काढलं नाही. सतरा जणींपैकी बहुतेक सरावाला येतात. काही जणी खो-खोकडे गेल्या, दोघी धावायला लागल्या. एकीनं सरांचं ऐकून घेतलं आणि ‘मला आता खेळायचंच नाही’ असं म्हणून निघून गेली. तिच्या घरी मी जाऊन आले. ती चिडलेली नाही, तिला खरंच नको आहे. तिला चित्रं काढायची आहेत आणि कबड्डी मोठ्या बहिणीमुळे चालू होती. तिच्या आईला हे पटायला वेळ लागतो आहे, पुढच्या शनिवारी पुन्हा बोलायचं ठरलं आहे.